फिटचं सिरप बंद झालं तेव्हा

अलेक्झांड्रियातल्या त्या औषधाच्या कारखान्यात इन्शिराहची उभी हयात लहान मुलांच्या फिटचं सिरप बाटल्यांत भरण्यात गेली. सरकारनं कारखाना विकला तेव्हा कामगारांनाही थोडे शेअर मिळाले. युनियनचा पुढारी रमझी खुर्चीवर चढून म्हणाला, "आजपासून आपण मालक." इन्शिराहनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि त्या दिवशी रव्याचा गोड बसबूसा करून सगळ्या शेजारपाजाऱ्यांना वाटला.

पुढे ती निवृत्त झाली. मोठा हिस्सा घेतलेल्या परदेशी मालकानं सिरप बंद केलं. त्यात काही सुटत नाही म्हणे. त्याच यंत्रांवर केसवाढीचं टॉनिक भरू लागले.

खालच्या मजल्यावरच्या करीमाची मुलगी नदा त्या सिरपवरच होती. बाहेरून येणारं औषध करीमाला परवडेना. ती मोठ्या माणसांची गोळी कुटून पाण्यातून पाजू लागली. डोस कधी कमी पडे, कधी जास्त. एका सकाळी नदाला जिन्यातच फिट आली. पायरीवर आपटून तिचे नुकते आलेले पुढचे दात तुटले. तिचं तोंड पुसून इन्शिराहनं कारखान्याच्या सभेची तारीख काढली.

भागधारकांच्या सभेत ती पुढच्याच रांगेत बसली. "सिरप का बंद केलं?"

"हाज्जाबाई, धंद्याची गणितं असतात," अध्यक्ष गोड हसले. "बसा, चहा घ्या."

"चहा घरून पिऊन आलेय. तुमच्या टॉनिकनं टकल्यांना केस येतील. त्या पोरीला दात येतील का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. शेवटी सिरप पुन्हा सुरू करायचं का, यावर मत घेतलं गेलं. कामगारांच्या सगळ्या शेअरांच्या वतीनं मत द्यायचा हक्क रमझीचा. मालकाच्या माणसांबरोबर त्याचाही हात 'नको'साठी वर गेला.

बाहेर त्यानं तिला गाठलं. "इन्शिराह, माझ्या एका हातानं काय फरक पडणार होता?"

"मग वर कशाला केलास? खाली ठेवायचा होतास. बगलेत खाज सुटली होती का?"

"घर चालवायचंय मला."

"आमची घरं काय आपोआप चालतात?"

त्यानंतर ती बाटल्या भरणाऱ्या जुन्या बायकांच्या दारोदार फिरली. काहींनी दार लावून घेतलं, पण बऱ्याच जणी आल्या. कामगार भागधारकांचा प्रतिनिधी निवडायच्या पुढच्या निवडणुकीत रमझी पडला आणि इन्शिराह निवडून आली. सभेत तिनं सिरपचा ठराव मांडला, हात वर केला. मालकाचा हिस्सा मोठा. ठराव पडला. पुढच्या वर्षीही पडला.

करीमा अजून गोळ्या कुटते. तो आवाज वर आला की इन्शिराह हातातलं काम टाकते आणि शिव्या घालायला लागते, आधी मालकाला, मग रमझीला, मग त्या दिवशी खुर्चीभोवती उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना.