एका हाकेत दिलेली ओ

घाट उतरून आम्ही मोसम नदीच्या खोऱ्यात पोहोचलो होतो. फाट्यावरच्या टपरीला सायकली टेकवून आम्ही सगळ्या बायका गरम भजी खात होतो, धुक्यानं ओल्या झालेल्या ओढण्या पिळत होतो आणि हसत होतो. तेवढ्यात घाटाकडून दुधाची एक पिकअप आली. ड्रायव्हरनं सायकली पाहून गाडी थांबवली आणि खिडकीतून म्हणाला, ‘‘तुमनी एक बाई तिकडे घाटना खाले बठेल शे. बोलत नही.’’ घाटाखाली म्हणजे पलीकडच्या बाजूला, जिथून चढ सुरू होतो तिथे. मला वाटलं, हा दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. आमची शेवटची सायकल विमलताईची, माझ्या थोरल्या जावेची, आणि ती तर आमच्या मागोमाग होती. घाटमाथ्यावर तिनं ओ दिली होती. मी ऐकली होती, सगळ्यांनी ऐकली होती... मी त्याला म्हणाले, ‘‘नाही हो दादा, आमची येतेय मागून.’’ तो जाईना. म्हणाला, ‘‘लाल सायकल शे. पुढे टोपली शे.’’ तेव्हा मात्र माझ्या हातातला भज्यांचा कागद खाली पडला.

आमच्या गटाच्या प्रमुख रेखाताई आणि मी त्याच पिकअपमध्ये दुधाच्या कॅनांच्या मधे बसून परत घाट चढलो आणि उतरलो. चढाच्या पहिल्याच वळणाआधी रस्त्याला डोंगराच्या बाजूनं दगडी कठडा आहे. विमलताई त्यावर पाय खाली सोडून बसली होती, पाठीमागच्या दरडीला टेकून. सायकल स्टँडवर नीट उभी. हेल्मेट टोपलीत, चष्मा हेल्मेटात. पदर असता तर तोही तिनं नीट घेतला असता असं वाटावं, इतकं सगळं व्यवस्थित होतं. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, हळू बोलत होते. म्हणाले, हृदय बंद पडलं, बसल्याबसल्या गेल्या, त्रास फारसा झाला नसावा. मी विचारलं, घाट चढून परत खाली आली असेल का? त्यांनी माझ्याकडे विचित्रच पाहिलं. म्हणाले, त्या चढल्याच नसाव्यात.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा विमलताई आमच्या मळ्यात मुरलेली होती. नाशिकजवळ मखमलाबादेत आमचा फुलांचा मळा, गुलाब आणि शेवंती बाराही महिने, दसऱ्याला झेंडू. मी शाळेत विज्ञान शिकवणारी, मला खुरपं धरता येत नव्हतं. ‘‘तुझ्या हातात खडूच बरा,’’ असं म्हणून तिनं माझ्या वाटची कामंही स्वतः ओढली. नात्यानं मी तिला अहोजाहो करायला हवं होतं, पण पहिल्याच संक्रांतीला तिनं तो प्रकार बंद पाडला. तिचं माहेर बागलाणात, मुल्हेरकडच्या डोंगरात. चाळीस वर्षं नाशकात काढूनही राग आला की ती अहिराणीवर यायची. आणि माहेरून आणलेली एक खोड तिनं कधी सोडली नाही. कोणीही हाक मारली तर पहिल्या हाकेला ती ओ द्यायची नाही. सासूबाईंना सुरुवातीला वाटलं, सून बहिरी आहे! थोरले भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, जुन्या वळणाचे, बायकोचं नाव न घेणारे. ते अंगणातून ‘‘अगं एऽ’’ म्हणायचे, थांबायचे, आणि मग वैतागून दुसऱ्यांदा ‘‘अगं एऽऽ’’ म्हणायचे. तेव्हा कुठे ‘‘आलेऽऽ’’ ऐकू यायचं. मी एकदा कारण विचारलं. ती शेवंती तोडता तोडता अगदी साधेपणानं म्हणाली, ‘‘रानात, धुक्यात नाव घेऊन हाक आली तर लगेच ओ द्यायची नसते. माणूस असंल तर दुसऱ्यांदा हाक मारंल. ते जे दुसरं असतं ना, त्याला एकच हाक मारता येते.’’ मी हसले. ‘‘तुले काय माहीत,’’ ती म्हणाली आणि पुढच्या ओळीला लागली.

सायकल ती आजी झाल्यावर शिकली, नातवाच्या सायकलवर, पहाटे, गुलाबाच्या वाफ्यांमधल्या पायवाटेवर. भाऊजींना तिनं सांगितलं नव्हतं. त्यांना चिखलात रोज नागमोडी चाकोरी दिसायची आणि ते म्हणायचे, कोणीतरी फुलं चोरायला येतंय, पण प्यालेला असावा. एका पहाटे ते काठी घेऊन दबा धरून बसले. चोर म्हणून समोरून बायको आली, थेट त्यांच्याच अंगावर आणि मग शेणाच्या ढिगात. गुडघा फुटला होता. ‘‘लागलं का?’’ तर म्हणे, ‘‘मला काय धाड भरलीय!’’ हे तिचं ठरलेलं उत्तर. तापानं फणफणलेली असो की दारात बोट चेंगरलेलं असो, हिला कधी धाड भरायची नाही. भाऊजी यावर फार चिडायचे. ते म्हणायचे, दुखतं तर दुखतं म्हणावं माणसानं, समोरच्याला काहीतरी करता येतं.

मग आम्ही दोघी रेखाताईंच्या गटात गेलो. रेखाताई शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांचा एक नियम फार कडक. पुढच्यानं शेवटच्याला हाक मारायची, शेवटच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर सगळ्यांनी सायकली वळवायच्या, मग चढ कितीही उभा असो. शेवटची जागा विमलताईनं पहिल्याच दिवशी मागून घेतली. ‘‘मी मागं असले म्हणजे कोणी मागं राहायचं नाही,’’ म्हणाली. अर्थात तिथेही तिला दोन हाका लागायच्या. पहिली हाक गेली की सगळ्या एकमेकींकडे बघून गालात हसायच्या आणि रेखाताई कपाळावर हात मारून दुसरी मारायच्या.

यंदाचा मोठा प्रवास आम्ही पितृपक्षात काढला. घरात म्हातारी माणसं कुरकुरली, पण त्या दिवसांत लग्नकार्य नसतं, दसऱ्याचा झेंडू तोडायला अवकाश असतो, बायकांना सुटी मिळते. नाशिकहून दिंडोरी, वणी करत अभोण्याला गिरणेचं खोरं, मग डांगसौंदाण्याला आरमचं, आणि डोंगर ओलांडून मोसमचं. एकेक नदी, मध्ये एकेक डोंगररांग. विमलताईला या प्रवासाचं वेड लागलं होतं, कारण शेवटचा मुक्काम तिच्या माहेरी होता. लहानपणी भावाच्या सायकलला नुसता हात लावला म्हणून तिनं मार खाल्लेला. आता तो भाऊ म्हातारा झाला होता आणि बहीण डोंगर ओलांडून सायकलवर येणार म्हणून त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी ती आरमच्या काठाला पाय पाण्यात सोडून बसली होती. मी विचारलं, दमलीस का गं? उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

सकाळी निघालो तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की पुढच्या सायकलचा लाल दिवाही विरघळल्यासारखा दिसत होता. घाटात कोणी बोलत नव्हतं. साखळ्यांची करकर, आपलाच श्वास, कुठेतरी खाली पाणी. माथ्यावर पोहोचल्यावर आम्ही दाटीवाटीनं उभ्या राहिलो. रेखाताईंनी हाक मारली, ‘‘विमऽऽल!’’ आणि लगेच, अगदी शेजारच्या वळणाखालून यावी तशी, ओ आली. ‘‘आलेऽऽ!’’ तिचाच आवाज. शेवटी थोडा चिरकणारा. सगळ्या फिस्सकन हसल्या. ‘‘आज एका हाकेत! माहेर जवळ आलं म्हणून!’’ असं कोणीतरी म्हणालंही. आणि आम्ही उतार धरला. टपरीवर हसत होतो ते त्याच गोष्टीला हसत होतो.

ती ओ मी किती वेळा मनात वाजवून पाहिली असेल, सांगता येत नाही. प्रतिध्वनीचा धडा मी दरवर्षी शिकवते. प्रतिध्वनी आपलंच आपल्याला परत देतो. रेखाताई ‘विमल’ म्हणाल्या तर डोंगर ‘विमल’ म्हणेल, ‘आले’ कशाला म्हणेल? दिवस झाले, दसरा झाला, तिच्याविना झेंडू तोडला गेला. भाऊजी रडले नाहीत. रोज संध्याकाळी आम्ही शेडमध्ये गुलाबाच्या गड्ड्या बांधायला बसलो की ते खाली मान घालून विचारायचे, ‘‘शेवटी काय म्हणाली?’’ मी सांगायचे, ‘‘आले म्हणाली, भाऊजी.’’ ते मान हलवायचे आणि पुन्हा सुतळीला लागायचे. मला वाटायचं, तेवढाच त्यांना आधार. म्हणून ती एका हाकेत म्हणाली, हे मी त्यांना कधी बोलले नाही. ज्या बाईनं त्यांना जन्मभर दुसरी हाक मारायला लावली, तिच्याबद्दल असं काही सांगायचं माझ्या जिवावर यायचं. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटायची. बोलून दाखवलं की ते खरं होईल अशी.

दिवाळीनंतर गट पुन्हा बाहेर पडला, जवळच, वाघेऱ्याच्या घाटात. शेवटची जागा मी घेतली. थंडी होती आणि नको तेच होतं, धुकं. अर्ध्या चढावर पुढून हाक आली, ‘‘शालऽऽन!’’ मी ब्रेक दाबला, पाय टेकला आणि तोंड गच्च मिटून घेतलं. ठरवून नव्हे. मला फक्त बघायचं होतं... काय ते मलाही माहीत नाही. झाडांवरून पाणी ठिबकत होतं. दुसरी हाक आली नाही. सायकली वळल्या नाहीत. उलट पुढे जाणाऱ्या साखळ्यांचा आवाज हळूहळू बंद झाला आणि त्या वळणावर मी एकटी उरले. तेवढा चढ मी आयुष्यात कधी इतक्या वेगानं चढले नसेन. वर जाऊन रेखाताईंवर ओरडलेच, ‘‘ओ दिली नाही तर वळायचं ना? तुमचाच नियम ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘अगं, दिलीस की ओ!’’ बाकीच्यांनी माना हलवल्या. मी विचारलं, आवाज कोणाचा होता? ‘‘असं काय करतेस शालन? तुझाच.’’

वर्गात हजेरी घेताना गैरहजर मुलाची ‘हजर’ मला कधीकधी ऐकू आलेली आहे. कानाला सवय लागते, तो आपला आपण उत्तर भरतो. पण एकाच वेळी इतक्या जणींच्या कानांनी तसं करावं? मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवायचंही नाही. एवढं मात्र कळलं, की तिथे ओ यायला माणूस लागत नाही. आणि मग भाऊजींपासून ते लपवून ठेवणं मला जमेना.

त्याच संध्याकाळी शेडमध्ये त्यांनी नेहमीचं विचारलं. मी म्हणाले, ‘‘भाऊजी, आवाज आला तो एका हाकेत आला.’’ आणि वाघेऱ्याचंही सांगितलं. त्यांच्या हातातली सुतळी थांबली. ‘‘एका हाकेत?’’ ‘‘हो.’’ ‘‘म्हंजे ती नव्हतीच,’’ ते म्हणाले. मला वाटलं, आता यांचा उरलासुरला आधारही मी काढून घेतला. पण त्यांचा चेहरा निराळाच झाला होता. ‘‘शालन, मी इतके दिवस तिच्यावर लय चिडलो होतो गं. मला वाटायचं, तिकडं जीव चाललाय, बसावं लागलंय, आन् तरी ही बाई आले म्हणती. मला धाड भरली नाय, तसंच. ओ दिली नसती तर तुम्ही वळला असता. कोणीतरी जवळ असतं. मरताना पण खोटं बोलली, असं वाटायचं मला... तिला शिव्या दिल्यात मी मनात.’’ मग ते रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, लहान मुलासारखे. ‘‘नाय बोलली ती खोटं,’’ एवढंच म्हणत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दीर-भावजयीचं काय ते बाजूला ठेवून. मीही रडत होते. ज्याला मी त्यांचा आधार समजत होते तो त्यांचा काटा होता, आणि मी तो रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं आत ढकलत होते.

थोड्या वेळानं ते उठले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि बाहेर वाफ्यांच्या कडेला जाऊन उभे राहिले. दिवस मावळत होता, नदीच्या बाजूनं पांढुरकं काहीतरी शेतात उतरायला लागलं होतं. आणि त्यांनी हाक मारली. ‘‘विमऽऽल!’’ तिचं नाव त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं, तिनं तरी ऐकलं होतं की नाही कोण जाणे. ते थांबले. मी शेडमध्ये गुलाबांसमोर बसून दोन्ही हातांनी चटई घट्ट धरली होती, आणि देवाला विनवत होते की आता कुठूनही काही ऐकू येऊ नये. काही आलं नाही. मग त्यांनी दुसरी हाक मारली, हळू, घरातल्या माणसाला मारावी तशी. आम्ही दोघांनी कान दिला. पाण्याची मोटार चालू होती, रस्त्यानं एक टेम्पो गेला, बाकी कोणीही ओ दिली नाही. मला इतकं हायसं वाटलं, की त्याची लाज वाटावी. भाऊजी परत आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘‘गेली गं ती.’’