बसायचा खड्डा

टेकला नावाची ती बाई मोटारसायकलवरून उतरली की आमची कुत्री भुंकायची थांबत, पण माझ्या आईचं तोंड काही थांबत नसे. "आली बघ टॉवेलवाली!" असं ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. टेकला हसून विचारायची, "आजी, चहा उकळलाय ना?" आणि चपला काढून सरळ आत शिरायची.

दिवस भरण्याआधी जन्मलेली, हातपाय ताठ नाहीतर लुळे असलेली पोरं घरोघरी जाऊन बघायची, हे तिचं काम. पिशवीत एक टॉवेल, एक खुळखुळा आणि एक आरसा. बस्स! एवढ्यासाठी पगार मिळतो म्हटल्यावर मी तर नाकच मुरडलं होतं. टॉवेलची गुंडाळी काय, मीसुद्धा केली असती.

ती यायची माझ्या भावाच्या लेकीसाठी. पोर सातव्या महिन्यातच झाली, गाई घरी परतायच्या वेळेला, म्हणून तिचं नाव चेरोतिच. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून घरी आली तेव्हा एवढीशी होती, मक्याच्या कणसासारखी. धरायची भीतीच वाटे.

आता आमच्याकडे पोर पाचेक महिन्यांचं झालं की आजी चुलीजवळ उथळसा खड्डा खणते. त्यात वाळू, भोवती कापडाच्या गुंडाळ्या, आणि मध्ये कमरेपर्यंत पोर. मी तशीच बसायला शिकले, माझा भाऊही तसाच. आमची पोरं भराभर बसतात ती उगाच नाही! आईनं जन्मापासून महिने मोजले, खड्डा खणला आणि चेरोतिचला बसवलं. पोर घडी घातल्यासारखी पुढे वाकली, कपाळ थेट वाळूत. दुसऱ्या दिवशीही तेच. मग आईनं खड्डा बुजवला आणि पायानं माती दाबली.

त्यानंतर तिनं नातीला मांडीवर घेतलंच नाही. रागानं नव्हे हो, धास्तीनं. आपला हात लागला की पोर खचते, असं तिच्या मनानं घेतलं होतं. माझी भावजय नेली दिवसभर पोरीला पाठीला बांधून फिरे, खाली ठेवायलाच तयार नसे. ही बसेल ना, एवढंच तिला विचारायचं असे, आणि बिचारीची जीभ रेटत नसे.

टेकलानं पहिल्याच भेटीत सांगितलं, "आजी, खड्डा झकास होता. घाई तेवढी झाली. हिचे महिने जन्मायला हवी होती त्या दिवसापासून मोजा."

आई भडकली. "जन्म काय दोनदा होतो? मला शिकवतेस?"

"तुमची गाय लवकर व्याली, तर वासरू लगेच कळपात सोडता का?"

आईनं उठून चहा टाकला! गाईंच्या बाबतीत तिला कुणी हरवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग टेकलानं नेलीला शिकवलं. पोरीच्या छातीखाली टॉवेलची गुंडाळी घालून तिला पालथं टाकायचं, समोर आरसा धरायचा, मान उचलली की टाळ्या वाजवायच्या. नेली चहाच्या मळ्यातून दमून आली तरी हे चुकवत नसे. हळूहळू पोरीनं मान धरली, मग पाठही ताठ होऊ लागली. अन् एके दिवशी टेकला म्हणाली, "आता खणा खड्डा."

नेली धावत जाऊन कुदळ घेऊन आली. पण खणायचा तो आजीनंच, आणि आई जागची हलेना. "माझ्या हातून एकदा झालं तेवढं पुरे."

टेकलानं परोपरीनं समजावलं. तशी आई तिच्यावरच उसळली. "तुला काय गं जातंय बोलायला! तुझी पोरं वेळेवर बसली असतील, वेळेवर चालली असतील!"

टॉवेलची घडी घालणारे टेकलाचे हात थांबले.

"मला एकच मुलगा आहे, आजी. केमेई. तोही लवकर झाला. तेव्हा आमच्या डोंगरावर घरी येऊन बघणारं कुणी नव्हतं. माझ्या सासूनंही खड्डा खणला. केमेई त्यात कोलमडला, तिनं खड्डा बुजवला. पुन्हा कुणी खणलाच नाही. आता शाळेत जायच्या वयाचा झालाय, अजून बसत नाही."

एवढं बोलून तिनं घडी पुरी केली. ती नाही रडली, मलाच हुंदका फुटला.

आई उठली. नेलीच्या हातातली कुदळ तिनं ओढूनच घेतली. खणलं, वाळू टाकली, गुंडाळ्या चेपून चेपून बसवल्या आणि कितीतरी महिन्यांनी नातीला स्वतःच्या हातांनी उचललं. बसवलं. पोर डावीकडे कलली. नेलीनं माझा दंड असा आवळला की वळ उठला. आईचे दोन्ही हात पुढे झाले, तर टेकला हळूच म्हणाली, "थांबा." चेरोतिच डुलली, वाळूत हात रोवला आणि सावरली! मग मूठभर वाळू उचलून खुशाल तोंडात घातली.

"अगं बये, थुंक!" आम्ही सगळ्याच ओरडलो, हसलो, नेली तर हसता हसता ढसाढसा रडायला लागली.

टेकला पिशवी खांद्याला लावून निघाली, तेव्हा आई तिच्या मागोमाग अंगणात गेली.

"पुढच्या वेळी तुझ्या केमेईला घेऊन ये."

"आजी, तो आता बसायचा नाही हो."

"बसायला कोण सांगतंय त्याला? मला मांडी नाही का?"