जिन्यावर बसलेले काका

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीचा महिना मी फार विचार करून आखला होता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कसा अभ्यास करायचा हे विचारायला कोणी नव्हतं, त्यामुळे सगळं आधीच ठरवून ठेवलं की चुकणार नाही असं मला वाटायचं. भाईंदर पूर्वेला आमचं वन रूम किचन. बाबा कामावर गेले की बाहेरची खोली दिवसभर माझी. अभ्यासिकेत नाव लागलं नव्हतं, तेव्हा तीच एक जागा.

आणि रत्नागिरीहून मोठे काका आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण पुढच्या तपासण्या होईपर्यंत मुक्काम आमच्याकडेच. बाहेरच्या खोलीत त्यांची गादी पडली. दिवसभर गावाकडचे फोन, मोठ्या आवाजात.

मी स्वयंपाकघरात आईजवळ रडकुंडीला आले. "मी नापास झाले तर?"

"हळू बोल, त्यांना ऐकू जाईल. देव बघेल तुझंही."

"कसं बघेल? खोली बांधून देणार का?"

"ही तरी तुझ्या बाबांनी कुठे बांधली? मिळालीच ना राहायला!" आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

काकांनी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून ते उठले आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

"काका, आत बसा ना."

"नको गो बाय. आत उजेड सोसत नाय. तू वाच."

मी खिडकीचा पडदा ओढून घेते म्हटलं, तरी ते उठले नाहीत. मी पुस्तक उघडून बसले, पण त्यांची पाठ दारातून दिसत होती आणि डोक्यात काहीच शिरत नव्हतं.

काकांना गप्प बसणं जमत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये लोक नुसती मान हलवून पुढे जातात. काका मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "काय, बाजार झाला?" वरच्या मजल्यावर एक गुजराती आजी एकट्या राहतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या आमच्या दारापाशी थांबून दम घेतात. त्या दिवशी त्यांनी काकांना विचारलं, "भाई, अंदर जगह नहीं है क्या?"

"जागा हाय ना! लेकिन भीतर पोरगी पढती हाय. बडा परीक्षा हाय उसका."

"तो ऊपर भेजो ना. बेटे का रूम खाली पडा है. मुझे भी अच्छा लगेगा."

"भेजता, भेजता!" मला न विचारताच काकांनी सांगून टाकलं.

परीक्षा संपेपर्यंत मी त्या खोलीत अभ्यास केला. आजी चहा ठेवून जायच्या आणि टीव्हीचा आवाज अगदी बारीक करायच्या. काका आपल्या गादीवर परत आले.

खोली मिळाली म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली. मी म्हटलं, "पण खोली तर आजींनी दिली. आणि ती मिळाली काकांमुळे."

"मग? देव काय स्वतः जिना चढून येणार होता?"

मी पास झाले. पुढचं शिक्षण, नोकरी, सगळं मी अजूनही ठरवते, माझा स्वभावच तसा आहे. पण ठरवून झालं की थोडा वेळ हात जोडून बसते. काय मागायचं ते दरवेळी कळतंच असं नाही. तरी बसते, आणि मन हलकं होतं.