मुराळ्याविना माहेरी

मला मोटरसायकल उत्तम चालवता येते, फक्त थांबवता येत नाही. म्हणजे थांबते ती, पण बंद पडून थांबते, आणि चढावर थांबली तर पुन्हा निघायचं नाव घेत नाही. क्लच कधी सोडायचा यावर माझं आणि तिचं अजून एकमत व्हायचंय. ज्यांना याचं हसू येतं त्यांनी पन्नाशीला टेकल्यावर एकदा शिकून बघावं.

“स्कुटी घे,” असा सल्ला मला निम्म्या जुन्नरनं दिला होता. पण आमच्या ह्यांनी नवी गाडी घेतल्यापासून जुनी मोटरसायकल अंगणात धूळ खात उभी होती, आणि धडधाकट वस्तू नुसती पडलेली दिसली की माझं डोकं फिरतं. म्हणून शिकले. आधी शाळेच्या मैदानात (पोरांनी आपण होऊन मैदान मोकळं करून दिलं), मग बाजाराचा दिवस टाळून गावात, मग भल्या सकाळी नारायणगावच्या रस्त्याला. पक्कं लायसन आल्यावर एका रविवारी थेट आळेफाट्याला जाऊन आले. कुठंही न थांबता! फाट्यावर वळसा घातला आणि आले तशी परत. घसा कोरडा पडला होता, पण पाण्यासाठी थांबायचं म्हणजे पुन्हा निघणं आलं. तरी त्या दिवशी मला वाटलं, आता आपल्याला कुठलाही रस्ता लांब नाही.

तेवढ्यात माहेरची यात्रा आली. माझं माहेर घोडेगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. लग्न झाल्यापासून दर यात्रेला माझा धाकटा भाऊ विलास मुराळी म्हणून मला न्यायला येतो. न्यायला येतो म्हणजे सकाळी येतो म्हणतो आणि दुपार टळल्यावर उगवतो. तोवर मी पिशवी भरून, ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर बसलेली. येणारा-जाणारा विचारतो, “काय वैनी, आला न्हाई का मुराळी?” वर्षानुवर्षं हे ऐकलं. यंदा मी विलासला फोनवर सांगून टाकलं, की तू येऊ नकोस, माझी मी येते, माझ्या गाडीवर. माझ्या जन्मगावात, सगळ्यांच्या देखत, मी एकटी गाडीवरून शिरणार होते. मला दुसरं काही नको होतं.

आमचे हे एका शब्दानं आडवे आले नाहीत. “जा की,” म्हणाले आणि फोन घेऊन अंगणात गेले. मला कौतुक वाटलं. तिथंच ओळखायला हवं होतं.

सकाळी ड्रेस घालून, हेल्मेट चढवून निघाले. बेत सरळ होता, नारायणगाव, कळंब, मंचर, घोडेगाव आणि माहेर, मधे कुठंही पाय टेकायचा नाही. नारायणगावात शिरते तोच माझी नणंद शैला भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभी! ब्रेक दाबला. गाडी आचके देऊन बंद पडली आणि पुढचं चाक टोमॅटोच्या क्रेटला जाऊन टेकलं. क्रेटवाल्यानं माझ्याकडं न बघता शैलाला विचारलं, की ह्याच का त्या. म्हणजे त्यालासुद्धा माहीत!

“दादाचा फोन आला व्हता,” शैला म्हणाली. “वैनी, दारावरनं चालल्या अन् आमी तुमाला तसंच जाऊ द्यायचं व्हय?”

चहा झाला. खणानारळानं ओटी भरली. (ड्रेसच्या ओढणीत. हेल्मेट काढू दिलं एवढं नशीब.) मग गाडी चालू करायला लागले तर तिची सगळी आळी कडेला उभी राहून क्लचबद्दल आपापली मतं मांडायला लागली. तिसऱ्या खेपेला गाडी निघाली. मागून शैला कुणाला तरी फोनवर सांगत होती, “निघाली बरं का.”

कळंबला एक गृहस्थ एसटीच्या थांब्यावरून हात करत होते. मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी नुसता वेग कमी केला, तर ते गाडीबरोबर पळायला लागले. “जुन्नरच्या पावण्या ना तुमी? मी शैलाचा चुलत दीर.” धोतर सावरत पळणाऱ्या म्हाताऱ्या माणसापुढून निघून जाण्याइतकी मी निगरगट्ट नाही. थांबले. बंद पडली. उसाचा रस, आणखी एक नारळ. मंचरला माझी मावशी तर खुर्ची टाकूनच बसली होती! तिनं तिसरा नारळ दिला आणि पोतंभर बटाटे मागच्या कॅरेजला बांधायला लावले, कारण मोकळ्या हातानं माहेरी जायचं नसतं. मी म्हणाले, की मावशी, मी नवशिकी आहे, मला ओझं पेलायचं नाही. ती म्हणाली, बटाट्यानं गाडीला वजन येतं, उडत नाही.

एव्हाना ऊन माथ्यावर आलं होतं. एवढ्या वेळात मी चालत पोचले असते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण घोडेगाव मागं पडलं, गावाची शीव आली, आणि हलगीचा आवाज कानावर आला तेव्हा राग कुठल्या कुठं गेला. आता फक्त वेशीचा चढ उरला होता. चढ संपला की समोर देऊळ, देवळापुढं सगळा गाव.

आणि चढाच्या मधोमध विलास उभा. नवा शर्ट, डोक्याला फेटा.

“बाजूला हो,” मी ओरडले. तो हलला नाही. थांबावंच लागलं. गाडी बंद पडली आणि बटाट्यांसकट मागं मागं घसरायला लागली. विलासनं धावत येऊन हँडल धरलं.

मी त्याला नाही नाही ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“आक्का,” तो म्हणाला, “मुराळी घरात बसला अन् बहीन एकलीच आली, तर गावात त्वांड कुठं दावू मी? लोकं म्हनतील, भावानं बहिनीला टाकली.”

तरी मी तीनदा प्रयत्न केला. गाडी तीनदा मागं आली. शेवटी विलास पुढं बसला, मी मागं, मांडीवर तीन नारळ, पाठीला बटाटे. देवळापुढून जाताना सगळा गाव बघत होता आणि एक म्हातारी समाधानानं म्हणाली, “आनली बाबा विलासनं, दरसालासारखी.” तेवढ्यात ह्यांचा फोन, “पोचलीस का? विलास वेळेवर भेटला ना?”

मी फोनवरच त्यांचा उद्धार केला. परत येताना कुणाला अवाक्षर कळवलं तर याद राखा, म्हणून बजावलं.

यात्रा झाली आणि मी निघाले. कुणालाही न सांगता, एकटी. उतार छान उतरले. मंचरला मावशीच्या दारात खुर्ची नव्हती. मी वेग कमी केला, हॉर्न वाजवला. कुणी बाहेर आलं नाही. कळंबच्या थांब्यावर एक कुत्रं होतं. परवा जीव टाकून धावणारी माणसं आज गेली कुठं? जाताना ओटी आणि परत येताना ओळखसुद्धा नाही! इतकी सुरेख गाडी चालवत होते मी, आणि बघायला एक माणूस नाही. नारायणगाव येईपर्यंत माझा संताप अनावर झाला होता. मी सरळ शैलाच्या दारात गाडी नेली आणि हॉर्न दाबून धरला.

ती पिठाच्या हातानं बाहेर आली. “वैनी, तुमी? कोनासंगं आल्या?”

“एकटी.”

“मंग फोन न्हाई का करायचा? फाट्यावर हुबी ऱ्हायले असते.”

“ते जाऊ दे,” मी म्हणाले. “हात धू आणि आता कर.”

“कोनाला?”

“तुझ्या दादाला. सांग, निघाली म्हणून. म्हणावं, जुन्नरच्या स्टँडपाशी उभे राहा. आणि एकटे नको, चार माणसं घेऊन या.”