मूर्तिजापूरला उतरायचं राहिलं

अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये मी तीस वर्षं कापूस पाहिला, ग्रेडर म्हणून. गाडी आली की वरचा कापूस बघायचा नाही, हे मला पहिल्याच हंगामात शिकवलं गेलं. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा असतो. बाही वर करायची, हात खांद्यापर्यंत आत घालायचा आणि तळातला मूठभर ओढून काढायचा. मग कळतं, पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, किती आणि ओल किती, आणि ती ओल दवाची की मुद्दाम मारलेल्या पाण्याची. दव आणि पाणी यांतला फरक माझ्या बोटांना कळतो. याचा गर्व नसावा असं आता मला सांगतात, पण आहे.

हाच हात मी घरीदारीही घालत आलो. भाजीवाला, डॉक्टर, बँकेतला माणूस, व्याही, कोणी जरा गोड बोललं की माझी बाही वर. बायको म्हणायची, "तुमाले देव जरी भेटला नं, तरी तुमी पह्यले इचारसान, कोणाच्या सांगण्यावरून आला म्हणून."

ती शेजारच्या मास्तरीणबाईंसोबत शुक्रवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली, तेव्हा मला सरळ वाटलं, इथं पाणी मुरतंय. आमचं सगळं शेतकरी घराणं, गावात मारुती, घरात खंडोबा. हे येशूचं कुठून आलं? गल्लीतल्या लोकांनाही तेच वाटलं. पानठेल्यावर एकानं विचारलंच, "काहो, वहिनीले काय भेटते तिथं?" मी म्हटलं, "चहा भेटते. साखर कमी." पण मनातून मलाही तेच विचारायचं होतं. म्हणून मी तिच्या मागोमाग गेलो. भक्तीनं नाही, चोर पकडायला.

चार महिने मी जात राहिलो. कोण कोणाचे नंबर घेतो, कोण कोणाच्या घरी जातो, आजारी माणसाला काय सांगतात, सगळं पाहिलं. एकदा तर दीड तास आधी जाऊन धडकलो. बेसावध असताना माणूस खरा दिसतो. तर तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, लुंगी नेसून हॉल झाडत होते आणि झाडू कुठं ठेवला म्हणून बायकोवर खेकसत होते. मला पाहून ओशाळले, आणि दुसरा झाडू माझ्या हातात दिला. तळातला कापूस वरच्यापेक्षा थोडा मळका निघाला, पण पाणी मारलेला नव्हता.

मग कधीतरी मी पकडायला जायचं विसरलो आणि नुसताच जाऊ लागलो. कोणत्या शुक्रवारी ते झालं, मला सांगता येणार नाही. इतर लोक आपल्याला देव कसा भेटला याची साक्ष देताना दिवस, वेळ सगळं सांगतात. त्यांचा मला अजूनही थोडा संशय येतो.

तिथली एक गोष्ट मात्र मला फार आवडायची. शेवटी पाळक म्हणत, "आता आपापली प्रार्थना करा," की तीस-पस्तीस माणसं एकदमच मोठ्यानं बोलू लागत. कोणी रडतंय, कोणी पोराच्या नोकरीचं सांगतंय, कोणी नुसतंच आभार मानतंय. आठवडी बाजार भरल्यासारखा गलका. सुरुवातीला मला वाटलं, हीही काही युक्ती असेल. पण त्या गलक्यात आपलं बोलणं आपल्यालाही धड ऐकू येत नाही, हे कळलं आणि मी मोकळा झालो. माणसांवर माझा विश्वास नव्हता, आवाजावर बसला.

माझे प्रश्न फार, म्हणून पाळक कंटाळले. त्यांनी मला अमरावतीच्या एका निवृत्त नर्सकडं धाडलं. त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणतात. वय सत्तरीच्या पुढचं, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं इंजेक्शनसारखं. एकाआड एक शनिवारी मी अकोल्याहून पॅसेंजरनं बडनेऱ्याला आणि तिथून ऑटोनं त्यांच्याकडं जायचो. वाटेत मूर्तिजापूर लागतं. मूर्तिजापूरपासून चार कोसांवर आमचं गाव, तिथं माझा मोठा भाऊ शेती करतो. ते स्टेशन आलं की मी पेपर उघडायचो आणि गाडी हलेपर्यंत मिटायचो नाही.

सिस्टरबाई शास्त्रातल्या पाच ओळींच्या वर वाचू देत नसत. पाच ओळी झाल्या की चष्मा काढायच्या आणि म्हणायच्या, "आता तुमी सांगा." मग गप्प. मी व्यापाऱ्यांत उभं आयुष्य काढलेला माणूस, गप्प बसून समोरच्याकडून माल काढून घेण्याची ही युक्ती मला ठाऊक होती. म्हणून मीही गप्प बसायचो. पाच-सहा शनिवार आम्ही दोघं तसे एकमेकांसमोर बसून राहिलो. त्या तेवढ्या वेळात डाळ निवडून घ्यायच्या.

सातव्या की आठव्या खेपेला मी सांगून टाकलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन हंगाम होता, दारात गाड्यांची रांग. दुपारी भावाचा फोन आला. "आई सारखी तुहं नाव घेऊन राहिली. आताच्या आता नीघ." त्याच्या पंधरा दिवस आधीच त्यानं वावराच्या हिश्शाची गोष्ट काढली होती. माझ्या डोक्यात चटकन बसलं की हा आईचं निमित्त करून मला बोलावतोय, घरी तलाठी बसवलेला असेल. मी म्हटलं, "येतो," आणि फोन बंद करून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू केला, तेव्हा आई गेली होती.

मातीला गेलो, तर चार लोकांनी विचारलं, "काल काहून नाही आला?" मी म्हटलं, "फोनच लागला नाही मले." भाऊ तिथंच उभा होता. त्याला ठाऊक होतं मी खोटं बोलतोय. तो काही बोलला नाही, नुसता दुसरीकडं बघत राहिला. आणि माझं नशीब बघा, मला शरम वाटायच्या आधी संशय आला. हा बोलत का नाही? मला पुढं कधीतरी अडकवायला राखून ठेवतोय काय? तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. बायकोलाही मी फोन लागला नाही असंच सांगितलं होतं.

सिस्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "बाप्तिस्मा घ्यायचा म्हणता नं तुमी?"

"हो."

"मग घाई नका करू. देवापुढं काही ठेवायच्या आधी भावाकडं जाऊन या. हे मी माह्या मनचं नाही सांगत." त्यांनी वचन काढून दाखवलं. आधी भाऊ, मग अर्पण, असंच तिथं होतं.

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो, या बाईला माझ्या भावाचा एवढा पुळका का? हिची आणि त्याची ओळख तर नाही? मूर्तिजापूर आलं, मी पेपर उघडला. जवळजवळ वर्ष असंच गेलं. सिस्टरबाई फक्त निघताना विचारायच्या, "उतरले का?" मी म्हणायचो, "नाही."

आणि मग एका संध्याकाळी बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमी आईच्या वक्ताले फोन उचलला व्हता. मले माहीत आहे. एकडाव भावाकडं जाऊन या."

माझ्याशिवाय जगात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. भाऊ आमच्याशी बोलत नव्हता. उरली कोण? सिस्टरबाई. मला भयंकर राग आला आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. शेवटी तळाशी कवडी सापडली. शनिवारपर्यंत मनातल्या मनात वाक्यं घासत बसलो.

शनिवारी त्यांच्या दारात चपलाही न काढता मी सुरू झालो. विश्वासानं सांगितलेली गोष्ट तुम्ही माझ्या घरी पोचवलीत, तुमच्यात आणि पानठेल्यावरच्या लोकांत फरक काय, हा येशूचा धर्म की चुगलीचा. बरंच काही बोललो. सिस्टरबाई उभ्या राहून ऐकत होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं वार्डात काढली मी, भाऊ. लोकांचं पोटातलं सांगत बसली असती तं अर्धी अमरावती एकमेकाच्या डोक्यात दगड घालत राहिली असती. तुमच्या घरच्यांना मी आजवर पाह्यलंसुदा नाही."

"मग तिले कसं समजलं?"

त्यांनी खुर्ची ओढून दिली. "मले एक सांगा. शुक्रवारी तुमी प्रार्थना मनात करता का तोंडानं?"

"तोंडानं. मोठ्यानं. सगळेच करतात."

"हे भावाचं, आईचंही तोंडानंच सांगता?"

"हो. दर शुक्रवारी तेच—"

"अन् घरच्या कुठं बसतात?"

बायका मागं बसतात. ती माझ्या नेमकी पाठीमागं बसते, कारण माझा चष्मा तिच्या पिशवीत असतो.

सिस्टरबाईंची माफी मागावी हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मी म्हटलं, "गाडीची वेळ झाली," आणि उठलो. त्यांनी हातात चार संत्री दिली आणि दार लावून घेतलं. गाडीत मी त्यांच्याशी बोललेलं एकेक वाक्य मला आठवत होतं आणि लाज वाटत होती.

घरी पोचलो तेव्हा बायको अंगणात वाळलेले कपडे काढत होती. मी विचारलं, "कधीपासून ऐकून राहिली तू?"

"दीड वर्ष झालं असन."

"एवढ्या गलक्यात?"

"पस्तीस वर्षं ऐकून राहिली मी तुमचा आवाज. पह्यल्या दिवशी 'आई' म्हटलेलं कानावर आलं. मंग मी माही प्रार्थना बंद केली अन् दर शुक्रवारी तुमचीच ऐकली."

"मग बोलली काहून नाही?"

तिनं माझा सदरा झटकला आणि घडी घातली. "तुमी देवाले सांगून राहिले व्हते. मले थोडीच सांगून राहिले व्हते? मी म्हटलं, आज ना उद्या मलेही सांगतीन. वाट पाह्यली. मंग थकली."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती पडू देणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून मी दोरीवरची राहिलेली चादर काढली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चर्चला न जाता मूर्तिजापूरला उतरलो. तिथून गावापर्यंत काळीपिवळी जीप मिळाली. गावात शिरताना दोघा-तिघांनी वळून पाहिलं. कानावर गेलेलंच असणार त्यांच्या, की हा ख्रिस्ती झाला. भाऊ ओसरीवर फवाऱ्याचा पंप दुरुस्त करत बसला होता. मला पाहून त्यानं हात पुसले आणि आधी माझ्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं.

"कोणता कागद आणला?" तो म्हणाला.

मी पिशवी उलटी करून दाखवली. कालची संत्री होती, सिस्टरबाईंनी दिलेली.

"मंग काहून आला? तिकडच्या लोकाईनं धाडलं का आमाले बाटवाले?"

राग यायला हवा होता, पण त्याच्या जागी मीही नेमकं हेच विचारलं असतं. मी उभ्यानंच सांगितलं. त्या दिवशी मी फोन उचलला, तू खरं सांगत होतास आणि मला तू खोटा वाटलास. वावरासाठी बोलावतोस असं वाटलं. म्हणून आलो नाही. गाडी होती, सुट्टीही मिळाली असती. मुद्दाम आलो नाही. आणि मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोललो.

त्यानं पंपाची नळी पुन्हा हातात घेतली. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती, तिला त्यानं हातानंच आत जायला सांगितलं.

"हे तं मले तवाच समजलं व्हतं," तो म्हणाला. "तू 'येतो' म्हटलं नं, त्या आवाजावरूनच."

"मग मातीच्या दिवशी बोलला काहून नाही?"

"कसा बोलू?" त्याचा आवाज चढला आणि फाटला. "आई दर घडीला इचारे, आला का, आला का. मी तिले सांगतलं, निघाला तो, अकोल्याकडं मोठी गाडी पलटली, रस्ता बंद आहे, त्याच्यात अटकला. ते ऐकल्यावर तिनं इचारनं सोडलं. तुहं जेवण झालं असन का म्हणे. तशीच गेली. तुहं खोटं उघडं पाडलं असतं, तं माहंही पडलं असतं." त्यानं नळी खाली टाकली. "जिंदगीत आईसंग एकच डाव खोटं बोललो मी. ते तुह्यापायी."