वाऱ्याच्या दिवसांतली चूल

रेडिओवरच्या बातम्या संपून हवामान लागलं की घरातली माणसं उठून आपापल्या कामाला लागतात. मी आवाज वाढवते. सून हसते, म्हणते, आई, तुम्हाला काय करायचंय, तिसऱ्या मजल्यावर राहतो आपण, छत्री घ्यायची की नाही एवढंच. पाऊस गेला उडत. मी थांबते ती माघ-फाल्गुनात कधीतरी येणाऱ्या एका वाक्यासाठी. आकाश निरभ्र राहील, हवा कोरडी राहील आणि पूर्वेकडून जोराचे वारे वाहतील. ते ऐकलं की नाकात जळक्या गवताचा वास येतो आणि हात आपोआप लाकडं शोधायला लागतात. गॅस आहे घरात, तरी.

एकोणीसशे साठ उलटून गेलं होतं. लग्न होऊन मी वऱ्हाडातल्या खेड्यातून आले ती थेट बोरिवलीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. पोरीला मुंबई मिळाली म्हणून आईनं गावभर मिरवलं होतं. मी येऊन बघते तर मुंबई कुठं दिसेचना. पुढं डोंगर, मागं डोंगर आणि मधे वनखात्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर. आमचे हे तिथं गार्ड होते. भिंती विटांच्या, वर कौलं आणि भोवतीची जमीन खरवडून साफ केलेली, वणवा आला तरी घरापर्यंत पोचू नये म्हणून. गवताची काडी उगवली की हे उपटून टाकायचे. एवढ्या मोकळ्या मातीत बसलेलं ते घर आणि त्या घरात बसलेली मी.

उताराखाली दहा-बारा घरांची वाडी होती. मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. वाडीच्या तोंडाशी चुना लावलेला क्रूस होता. डोंगरावरचं गवत कापायचं, भारे बांधायचे आणि गोरेगाव-अंधेरीच्या तबेल्यांना विकायचं, हा त्यांचा धंदा. घरं कुडाची, छपरं गवताची, अंगणात गवताच्या गंजी. एक ठिणगी पडायचा अवकाश.

आम्ही तेव्हा नुकते बौद्ध झालो होतो. दीक्षा घेतली, पण पाणवठ्यावर मागं उभं राहायची सवय अशी एका दिवसात जाते थोडीच. वाडीतल्या बायका सकाळी विहिरीवर असायच्या, म्हणून मी जायचे भर दुपारी, कुणी नसताना. मला कुणी हाकललं नव्हतं. मीच जात नव्हते. मग कोण बोलणार माझ्याशी? हे सकाळी डोंगरात गेले की सांजेलाच उगवायचे, आणि उन्हाळा लागला की त्यांचा तोही भरवसा नसायचा. घर खायला उठायचं. मी भांड्यांशी बोलायला लागले होते. पातेल्याला शिव्या घालायचे, तवा गरीब म्हणून त्याचं कौतुक करायचे. वेडी व्हायचंच बाकी होतं म्हणा ना.

तिथला वारा आधी समजून घ्यायला हवा. थंडी सरता सरता सकाळी डोंगराकडून मतलई वारा सुटतो, आणि दुपार झाली की समुद्रावरून खारा वारा येऊन त्याला मागं ढकलतो. हे रोजचंच. पण अधूनमधून असे दिवस येतात की खारा वारा येतच नाही. डोंगराकडचा कोरडा वारा दिवसभर घों घों करत राहतो. ओठ फुटतात, लुगडं दोरीवर टाकेपर्यंत वाळतं, आणि गवत इतकं कडकडीत होतं की हातात चुरा होतो. रेडिओवर आदल्या संध्याकाळी त्याची सूचना यायची. हे कान लावून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच घराशेजारच्या बांबूवर लाल बावटा चढवून डोंगरात जायचे, कुठं धूर दिसतो का बघायला.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात असा बावटा चढला. हे गेले. मी चूल पेटवून बसले होते, तर खालून बायकांची रांग वर येताना दिसली. कुणाच्या डोक्यावर पातेलं, कुणाच्या काखेत परात. वाटलं, वणवा लागला, ह्यांना काही झालं. सगळ्यांच्या पुढं एक काटकुळी म्हातारी होती. गळ्यात जपमाळ, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. वाडी तिला मावशी म्हणायची. तिनं दारातूनच सांगितलं की बावटा चढला की वाडीत सगळ्यांनी चुलीत पाणी ओतायचं, विडीसुद्धा पेटवायची नाही, आणि रांधायचं ते कौलाच्या या एकाच घरात. आधीच्या गार्डाच्या बायकोपासून हे चालत आलेलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ह्यांनी तर काय, तोंडात मिठाची गुळणी धरलेली कायमची.

मी दार अडवून उभी राहिले. आमच्या गावात आमच्या चुलीवरचं कुणी शिवत नव्हतं. नंतर कळून या बायकांनी अन्न फेकून द्यायचं आणि मी ते बघायचं, त्यापेक्षा आत्ताच काय ते होऊन जाऊ दे.

म्हटलं, "मावशी, आधी ऐका. आम्ही बौद्ध. त्याच्याआधी कोण होतो ते तुम्हाला कळत असेल."

मावशीनं डोक्यावरचं पातेलं खाली घेतलं. "आमच्या चुली इझल्या, तुझी पेटलेली हाय. आनखी काय ऐकायचं गो?" आणि मला बाजूला सारून आत गेली.

त्या दिवशी माझ्या चुलीवर अख्ख्या वाडीचं जेवण झालं. एकीचा भात उतरला की दुसरीचं सुकटीचं कालवण चढायचं. थांबलेल्या बायका ओट्यावर पाय पसरून बसायच्या, आणि तोंडं काय गप्प बसणार? सासवा निघाल्या, नवरे निघाले, तबेलेवाल्यांचा उद्धार झाला. मी ज्वारीची भाकर थापायला घेतली, तर सगळ्या टक लावून बघायला लागल्या. त्यांच्या तांदळाच्या भाकरी हलक्या हातानं व्हायच्या, माझा हात धपाधप पडायचा. मावशी म्हणाली, एवढं मारतेस कशाला गो तिला, काय केलं तिनं? सगळ्या खिदळल्या. मीही हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन. मग माझा ठेचा चाखून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा खिदळायची पाळी माझी होती.

संध्याकाळी खारा वारा आला. बावटा उतरला. बायका आपापली भांडी घासून, चुलीजवळची जागा झाडून गेल्या. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विहिरीच्या वाटेवर एकदोघी भेटल्या, बरी आहेस ना विचारून पुढं गेल्या. आणि मग मावशीचं ते वाक्य मला टोचायला लागलं. आमच्या चुली विझल्या म्हणून आलो, असंच म्हणाली ना ती? विझल्या नसत्या तर?

पुढची सगळी वर्षं मी हाच एक प्रश्न उगाळत बसले होते. ही माणसं माझ्याकडं येतात, की माझ्या कौलांकडं?

उत्तर मिळेना, म्हणून मी वाऱ्याची वाट बघायचे. दुसरं काय करणार? संध्याकाळी रेडिओ लागला की ह्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि मी आतून कान टवकारायचे. कोरडे वारे म्हटलं की लगेच दोन हंडे जास्तीचं पाणी भरून ठेवायचे, लाकडं फोडायचे. ईस्टरआधीचा उपासाचा महिना असायचा त्यांचा, मटण-मासळी कमी, म्हणून मी आधीच डाळ भिजत घालायचे. हे एकदा चिडले. म्हणाले, मी तिकडं आगीत मरतो आणि तू वाऱ्याची वाट बघतेस? माझंही डोकं फिरलं. म्हटलं, तुम्ही चार माणसांबरोबर मरता, मी इथं एकटी जगते. हे जेवून उठले आणि बांबूची दोरी तपासत बसले.

मग तो उन्हाळा आला. वारा पहाटेपासूनच पिसाळलेला होता. बायका माझ्याकडं होत्या, मावशीचा भात चुलीवर अर्धाकच्चा होता, आणि मुलुंडच्या बाजूनं डोंगरमाथ्यावर धूर दिसला. पुरुषमाणसं गवत कापून आग अडवायचा पट्टा पाडायला वर धावली. आम्ही चुलीत पाणी ओतलं, गोणपाटं भिजवली, हिरव्या डहाळ्या तोडल्या आणि खाली पळालो. आग उतारावरून धावत आली. गवतावर पडेल तिथं आम्ही तिला झोडपत होतो. घसा जळत होता, कोण कुठं आहे दिसत नव्हतं. कडेची गंज पेटली, तिथून ठिणग्या उडाल्या आणि मावशीच्या छपरावर पडल्या. आम्ही बघतच राहिलो. चहा उकळेपर्यंत घर खलास. माणसं मात्र सगळी वाचली, हेही सुखरूप उतरले, भुवया तेवढ्या जळल्या होत्या.

मी मावशीला म्हटलं, माझ्याकडं चला राहायला. ती म्हणाली, नको गो, जाऊबाई हाय की. आणि ती मुला-सुनेला घेऊन जावेकडं गेली. माझ्या जिवाला लागलं ते. वाटलं, मिळालं उत्तर.

त्या वणव्यानं सगळ्यांना धडा दिला. चर्चच्या फादरांनी मदत मिळवली, कुणी म्हशी विकल्या, कुणी उसनं घेतलं, आणि पावसाच्या आत मावशीचं घर पुन्हा उभं राहून वाडीतल्या प्रत्येक घरावर मंगलोरी कौलं चढली. गंजी पार नदीच्या अंगाला हलवल्या. कौलांचा ट्रक आला त्या दिवशी लग्नघरासारखी गडबड होती. बायका रांग करून हातोहात कौलं देत होत्या, मीही त्या रांगेत होते. सगळ्या खूश होत्या आणि व्हायलाच पाहिजेत. रोजची टांगती तलवार गेली होती. मी मात्र एकेक कौल पुढं देत होते आणि मनात म्हणत होते, आता झालं, आता यांना माझ्याकडं यायचं काही कारण उरलं नाही.

पुढच्या माघात रेडिओवर तेच वाक्य आलं. सकाळी बावटा चढला. मी ओटा सारवला, पाणी भरलं, चूल पेटवून दारात उभी राहिले. थोड्या वेळानं खाली वाडीत एका घरातून धूर निघाला. मग दुसऱ्यातून. मग सगळ्यांतून. आपापल्या कौलांखाली आपापल्या चुली. मी आत आले. भाकर मुद्दाम धपाधप थापली. कुणी चिडवलं नाही. परातीवर डोकं ठेवून मी खूप रडले. पीठ ओलं झालं, तेच थापलं.

त्या उन्हाळ्यात वारे पुष्कळ झाले आणि दर वेळी असंच. शेवटी मी ह्यांना सांगितलं, बदली मागा. कुठंही चालेल, माणसं दिसतील तिथं. ह्यांचा त्या डोंगरात जीव होता, पण माझं तोंड बघून म्हणाले, येत्या सोमवारी साहेबांना भेटतो.

सोमवार यायच्या आत एक दिवस आला. वारा अजिबात नव्हता. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं, बांबू मोकळा होता. मी चुलीपुढं बसले होते, तर दारात मावशी. डोक्यावर पातेलं. त्यात धुतलेले तांदूळ.

मी गडबडले. म्हटलं, "मावशी, बावटा नाही आज."

"दिसतंय मला. आंधळी नाय झाले." ती नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसली. उन्हातून चढून आल्यानं तिला धाप लागली होती.

"तुमची चूल विझली का?"

"इझंल कशाला? पेटलेली हाय. सून बसलीय तिच्याम्होरं." तिनं पातेलं माझ्याकडं सरकवलं. "तांदूळ तितंबी शिजले असते."

मी पातेलं चुलीवर ठेवलं, लाकूड आत सारलं, धूर नसताना डोळे पुसले. मावशी आपल्याच नादात बोलत होती. आता ज्याची त्याची चूल झाली, बायका दिवसभर आपापल्या घरात, बोलायला कोण नाही, सून तर मुकीच. उद्या दोघीतिघी येणार म्हणतात, तुला चालेल ना? आणि एवढी वर्षं झाली, तू कधी खाली आमच्याकडं पाऊल टाकलं नाहीस ते कशामुळं गो?

मी भाकर थापायला घेतली. हात नेहमीसारखाच पडला.

"हळू गो," मावशी म्हणाली. "काय केलं तिनं?"

सांजेला हे आले, भात बघितला, एवढा का रांधला विचारलं नाही. हात धुता धुता म्हणाले, सोमवारी साहेबांना काय सांगू? मी म्हटलं, काही सांगू नका. सोमवारी मला खाली जायचंय, मावशीच्या चुलीवर भाकरी करायला.