मधोमध कोण बसणार

चष्म्याच्या दुकानाला मागच्या अंगाला एक खोली असते. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. तिथे गोल काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करतात. यंत्राची घरघर, पाण्याची चिळकांडी, ॲप्रनवर पांढरा चिखल. धाकटीचं निम्मं आयुष्य त्या खोलीत गेलं. सासरी दोन सुना, त्यांतली ही दुसरी, म्हणून धाकटी. बोलायला कमी, ऐकायला जास्त, आणि विसरायच्या नावानं शून्य. दुकानाचा मालक नव्या पोरींना सांगायचा, "हिच्याशी भांडू नका गं. ही भांडत नाही, साठवून ठेवते."

काचेबद्दल तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. काच मधोमध खरं बोलते आणि कडेला थापा मारते. जाड नंबरचा नवा चष्मा लावून म्हातारं माणूस पायरी चुकतं ते त्यामुळेच, ते काचेच्या कडेतून बघायला जातं. "डोळे नका वळवू आजोबा, मान वळवा," हे तिचं उठता-बसता चालायचं. हे ज्ञान पोटापाण्यापलीकडे कधी उपयोगी पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

सासरे नोकरीतून मोकळे झाले तेव्हा थोरल्या जावेच्या घरी सगळे जमले होते. धाकटीची आईसुद्धा आली होती, दोन गाड्या बदलून, गुडघे धरत. जेवणं झाल्यावर मोठ्या दिरांनी आपला भलामोठा कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि सगळ्यांना ओळीत उभं केलं. आई कडेला उभी राहिली. कडेला उभं राहणाऱ्यांतलीच ती बाई. तोल जाऊ नये म्हणून तिनं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

महिन्याभरानं तो फोटो थोरलीच्या हॉलमध्ये लागला. धाकटीनं जवळ जाऊन बघितला. नवऱ्याच्या खांद्यावर चार बोटं तेवढी होती. बोटांमागची बाई नव्हती.

"वहिनी, आई कुठंय?"

थोरली सोफ्याच्या उशा झटकत होती. "कोण? तुझी होय? अगं, फ्रेम तयार आणली ना, मापात बसेना. कुणाला तरी काढणं भागच होतं. आणि त्या काय, पाहुण्याच."

"मग बोटं तरी कशाला ठेवलीत?"

"बोटं तुझ्या नवऱ्याच्या खांद्यावर होती बाई! मग काय, नवरा कापू तुझा?"

थोरली हसली. मोठे दीर हसले. धाकटीचा नवरा तर सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या माणसाचा स्वभाव मऊ भातासारखा, कुणीही कसाही कालवावा.

त्याच थंडीत आई गेली. धाकटीनं मूळ फोटो मागितला, तर थोरली म्हणाली, "ते कार्ड? पुसलं की गं केव्हाच. जागा नव्हती." आईचा तो शेवटचा फोटो. उरलं काय, तर चार बोटं, तीही दुसऱ्याच्या भिंतीवर.

धाकटी रडली ती घासायच्या यंत्रापाशी. तिथे तोंडावर पाणी उडतंच, कुणाला कळत नाही. मग तिनं यंत्र बंद केलं, ॲप्रन काढला आणि जुने कॅमेरे विकणाऱ्याच्या दुकानात गेली.

दुकानदार मोठा बोलका. त्यानं एक एवढासा कॅमेरा काढला, ओंजळीत मावणारा. "हा मिररलेस. आत आरसा नाही, म्हणून अंगानं बारीक. पण फोटो बघाल तर मोठ्या कॅमेऱ्याच्या तोंडात मारेल."

"आणि ही लेन्स?"

"ही किट लेन्स. कॅमेऱ्याबरोबर येते, लग्नात नवरीबरोबर करवली येते तशी." स्वतःच्या विनोदावर तो हसला, मग गिऱ्हाईक प्रामाणिक दिसलं म्हणून जरा खाली आला. "खोटं कशाला बोलू? मधे झकास. कडेला जरा बेताची आहे."

"बेताची म्हणजे काय होतं?"

त्यानं झूम पार मागे घेऊन, सगळं दिसेल असं करून स्वतःचा हात चौकटीच्या कडेला धरला आणि पडद्यावर दाखवला. हात कसला, भाकरी थापायची परातच. "लेन्स रेषा वाकड्या टिपते. मग कॅमेरा स्वतःच त्या ओढून सरळ करतो. भिंती सरळ होतात, पण कडेला माणूस असेल तर त्याची कणीक होते. आणि ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं ठेवलंत, तर कोपऱ्यात धुरकटही येतं. म्हणून कडेला माणसं उभी करायची नाहीत. तुम्हाला चांगली लेन्स देऊ का?"

"नको," धाकटी म्हणाली. "हीच द्या."

खोट बघून माल घेणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

तिथून पुढे घरातला प्रत्येक फोटो धाकटीनं काढला. मोठ्या दिरांना ते वजन वागवायचा कंटाळा आलाच होता, त्यांनी आनंदानं गादी सोडली. वाढदिवस असो, पोरांचा निकाल असो, कुणी गावाला जायला निघालेलं असो, धाकटी पर्समधून कॅमेरा काढायची आणि गोड आवाजात सांगायची, "वहिनी, तुम्ही कडेला. कडेला माणूस भारदस्त लागतं, नाहीतर फोटो कलंडतो."

थोरली खूश. भारदस्त म्हटलेलं कुणाला नको असतं?

फोटो मात्र असे यायचे, की मधे बसलेल्या दिरांच्या भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. पोरांच्या डोळ्यांत खिडकी दिसायची. सगळे म्हणायचे, "केवढासा तो कॅमेरा आणि काय काढतो बघा!" आणि त्याच फोटोच्या कडेला थोरली असायची. खांदा दाराएवढा, गाल कानामागे निघालेला, डोकं तिरकं ताणलेलं, वरून सगळ्यावर पिठूळ धुकं. कॅमेऱ्यावर संशय कोण घेणार? बाकीचे इतके देखणे येत होते, तेव्हा दोष थोरलीचाच.

"मी अशी दिसते?" ती पहिल्यांदा म्हणाली.

"फोटो काय खोटं बोलतो, वहिनी?"

थोरलीनं रात्रीचं जेवण सोडलं. पहाटे टेकडी चढू लागली. वाळली, चांगली वाळली, गळ्याची हाडं वर आली. तरी पुढच्या फोटोत खांदा दाराएवढाच. मग तिनं आरसा बदलला, काळे कपडे घेतले, अंग आखडून उभी राहू लागली. एकदा धाकटीला स्वयंपाकघरात कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "खरं सांग, मी बेढब आहे का गं?"

धाकटीनं तिच्याकडे नीट पाहिलं. ठाकठीक बाई, नाकीडोळी छान, आता तर काठीसारखी सडसडीत. एक शब्द बोलली असती तर बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं.

"वयोमानानं व्हायचंच, वहिनी," ती म्हणाली आणि चहात साखर ढवळत राहिली. त्या दिवशीचा चहा तिला फार गोड लागला.

असं कितीतरी वर्षं चाललं. आणि एके दिवशी थोरली चष्म्याच्या दुकानात वादळासारखी शिरली. काउंटरवर एक गृहस्थ फ्रेम लावून बघत होते. तिनं त्यांच्यासमोरच मोबाइल आपटला.

"पासपोर्टसाठी फोटो काढायला गेले होते मी. त्या फोटोवाल्यानं काढलेला बघ! बघ, मी कशी दिसते!"

गृहस्थांनी वाकून पाहिलं. "छान आहे की."

"तुम्ही गप्प बसा हो!" ती त्यांच्यावर खेकसली आणि पुन्हा धाकटीकडे वळली. "मी त्याला घरचे फोटो दाखवले. म्हटलं, यात मी म्हैस का दिसते? तो म्हणाला, ताई, लेन्स कडेला ओढते, लहान पोरालाही ठाऊक आहे. पण प्रत्येक फोटोत तुम्हीच कडेला कशा? कोण उभं करतं तुम्हाला?"

मागच्या खोलीतलं यंत्र थांबलं होतं. मालक पडद्याआडून कान देऊन उभा.

"मी करते," धाकटी म्हणाली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

थोरलीचं तोंड उघडं राहिलं. शिव्या तयार करून आली होती, पण समोरची नाकबूलच करेना, तर द्यायच्या कशा? "अगं पण का? काय घोडं मारलं मी तुझं?"

"चार बोटं," धाकटी म्हणाली.

थोरलीला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा ती उसळलीच. "त्या फोटोवरून? एवढ्याशावरून? किती वर्षं झाली त्याला!"

"तुम्हाला एवढंसं होतं. मी तुम्हाला ओढलं, वहिनी. कापलं नाही. प्रत्येक फोटोत आहात तुम्ही."

गृहस्थांनी फ्रेम हळूच खाली ठेवली आणि ते दाराकडे सरकले. थोरली काउंटरवर वाकली. "ऐक. रविवारी माझ्या आईचा नव्वदावा वाढदिवस आहे. हॉलमधला जुना फोटो काढून तिथे नवा लावायचाय. तू येशील, हाच कॅमेरा घेऊन येशील, आणि मी मधोमध बसेन. नाहीतर तुझे हे धंदे सगळ्यांसमोर सांगते. तोंड दाखवायला जागा उरणार नाही तुला."

धाकटी त्या रात्री नवऱ्याला काही बोलली नाही. रविवारी कॅमेरा चार्ज करून गेली.

थोरली शब्दाला जागली. केक कापून होताच सोफ्याच्या मधोमध जाऊन बसली, नवे निळे कपडे, मान ताठ, एका बाजूला नवरा, एका बाजूला धाकटीचा नवरा, मागे पोरं. "चला, चला, पटापट!" म्हातारी चाकाच्या खुर्चीत होती. खुर्ची सोफ्याच्या पुढे लावली तर थोरली झाकली जात होती, म्हणून थोरलीच म्हणाली, "आई, तू तिथेच राहा, कडेला. येशील तू." कुणीतरी खुर्ची ओळीच्या टोकाला ढकलली. डोक्यावर कागदाची टोपी, मांडीवर केकची बशी, कडेला म्हातारी एकटी.

धाकटीनं कॅमेरा डोळ्याला लावला.

समोर तीच भिंत, तीच ओळ, टोकाला तसंच एक म्हातारं माणूस. बोटं लेन्सच्या झूमच्या कड्यावर होती. तिनं कडं जरासं फिरवलं, आणि चौकट आवळली. म्हातारी गेली. टोपी गेली, बशी गेली, खुर्चीचं चाक तेवढं उरलं. इतकं सोपं असतं हे! पोटात एक गार सुख उठलं. चाकच राहू द्यावं. टांगू दे हिला ते हॉलमध्ये आणि बघू दे रोज.

"मी येते ना गं फोटोत?" म्हातारीनं विचारलं. मान पुढे काढून, दाताशिवायचं हसत.

धाकटीनं कॅमेरा खाली घेतला.

"नाही येत आजी," ती खणखणीत म्हणाली. "तुम्ही कापल्या जाताय."

मोठे दीर म्हणाले, "मागे सरक की जरा."

"मागे भिंत आहे, दादा."

थोरलीचे डोळे बारीक झाले. "मागच्या खेपेला तर याच हॉलमध्ये सगळे मावले होते."

"मावले नव्हते, वहिनी."

भिंतीवरची चार बोटं थोरलीच्या बरोबर डोक्यावर होती. तिनं वर पाहिलं नाही, पण मान लाल झाली. सांगून टाकायचं तर ही वेळ होती. तोंड उघडलंही तिनं. पण सांगणार काय? धाकटीचं पाप सांगायला गेलं, तर कारणही बाहेर येणार, तेही नव्वदीच्या आईला कडेला बसवून!

"कुणीतरी मधली जागा द्या बाबा आजींना," धाकटी म्हणाली. "वाढदिवस कुणाचा आहे?"

सगळे थोरलीकडे बघायला लागले. तिचा स्वतःचा पोरगा मागून म्हणाला, "ऊठ ना आई. आजीपेक्षा तुझं काय अडलंय?"

थोरली उठली. धाकटीच्या नवऱ्यानं म्हातारीला अलगद उचलून सोफ्याच्या मधोमध बसवलं, पोरांनी टोपी सरळ केली. आणि थोरली चालत चालत कडेला गेली. काय होणार ते पुरतं ठाऊक असलेल्या माणसासारखी उभी राहिली, खांदे आखडून, पोट आत घेऊन, हनुवटी वळवून. जणू अंग चोरलं की लेन्स दया करेल.

धाकटीनं कडं पार मागे फिरवलं, होतं तेवढं रुंद. ॲपर्चर पूर्ण उघडं. फोकस म्हातारीच्या डोळ्यांवर. सुरकुती न् सुरकुती आली, टोपीची घडी आली, ओठाला लागलेला केकचा कण आला. अशी आई, मधोमध, स्वच्छ. मग तिनं बटण दाबलं, आणि कडेला थोरलीची परात झाली.

"छान आला?" म्हातारी विचारत होती.

"तुमचा फार छान आला, आजी."

माणसं केककडे पांगली. थोरली तिच्याजवळ आली, ओठ न हलवता म्हणाली, "झालं तुझं समाधान?"

धाकटीनं लेन्सवर झाकण बसवलं. आता खोटं बोलायची गरज उरली नव्हती.

"नाही अजून," ती म्हणाली. "हॉलमध्ये लावाल ना? आल्यावर बघेन, मग सांगते."